असाइनमेंट पूर्ण, डोकं कोरं

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत गणित चांगलं होतं, कॉम्प्युटरची आवड होती, म्हणून ही शाखा घेतली. पहिलं वर्ष कसंबसं निघालं. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स, डिजिटल लॉजिक, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन सगळं एकदम अंगावर आलं आणि तिने असाइनमेंट एआयकडून लिहून घ्यायला सुरुवात केली. मार्क बरे पडतायत. पण मागच्या महिन्यात व्हायवामध्ये (तोंडी परीक्षेत) सरांनी तिनेच सबमिट केलेल्या कोडमधलं एक फंक्शन, लिंक्ड लिस्ट (प्रत्येक घरात पुढच्याचा पत्ता ठेवलेली साखळी) उलटी करायचं, फळ्यावर लिहून दाखव म्हटलं आणि तिला पहिल्या ओळीच्या पुढे काही सुचेना. रूममेट बारा वर्षांची असल्यापासून कोड करते, तिची तीन ॲप तयार आहेत. तर प्रश्न असे: माझ्यात ते नाहीच आहे का? एआय सगळं लिहितोय तर ही डिग्री करायचीच कशाला? सिलॅबसही जुनाट आहे, मग हे सोडून सहा महिन्यांचा एखादा कोर्स करू का शाखा बदलू? घरी अजून काहीच बोललेली नाही.

तू शेवटी लिहिलंयस, 'गोड बोलू नका, जे असेल ते सांगा'. बरं झालं. तर जे आहे ते असं, की तुला हा विषय जमतो का नाही हे आत्ता कोणीच सांगू शकत नाही, कारण तू तो अजून करून बघितलेलाच नाहीयेस. दीड वर्ष लेक्चरला बसलीस, सबमिशन केलीस, मार्क आणलेस, सगळं खरं, पण हा विषय करणं म्हणजे काय, तर प्रोग्राम चालत नाहीये, का चालत नाहीये ते कळत नाहीये आणि तरी आपण त्याच्यासमोर बसून आहोत. हा भाग तुझ्या वाट्याला आलाच नाही, दरवेळी तेवढाच नेमका दुसऱ्याने उरकून टाकला. मग 'माझ्यात ते नाही' हा निकाल कशावरून लावलास?

आणि एआयने दिलेला कोड वाचताना तुला तो कळत असणार, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. वाचताना सगळ्यांनाच कळतो. वर्गात सगळे सतराचा पाढा म्हणत असले की आपणही तालात म्हणत जातो आणि वाटतं पाठ आहे, मग बाई एकटीला उभं करतात आणि सतरा साती पाशी गाडी थांबते. ओळखीचं वाटणं वेगळं, येणं वेगळं, आणि फळ्यासमोर तुला त्या दोन्हीतलं अंतर दिसलं एवढंच झालंय. लाज वाटली असेल, वाटू दे, पण त्यातून 'माझी बुद्धीच कमी' इथपर्यंत उडी मारू नकोस.

आता ते फंक्शनच घेऊ, कारण तुझ्या पत्राचा सगळा जीव त्याच्यात अडकलाय. कागद घे. लॅपटॉप मिटव, खरंच मिटव. चार चौकोन काढ, त्यात १०, २०, ३०, ४० लिही, प्रत्येकातून पुढच्याकडे बाण, शेवटच्याचा बाण नलकडे, म्हणजे 'पुढे कोणी नाही' या खुणेकडे. लिस्ट उलटी करायची म्हणजे बाण उलटे करायचे, तर १० पासून सुरू कर, त्याचा २० कडे जाणारा बाण खोड आणि नलकडे वळव. वळवलास? आता २० कुठे आहे? तुला कागदावर दिसतोय, कारण तू वरून बघतेयस, पण प्रोग्राम वरून बघत नाही, त्याच्या हातात फक्त १० चा पत्ता होता आणि १० वरून २० कडे जायची वाट तू आत्ताच मोडलीस. पुढची अख्खी लिस्ट हरवली. मेमरीत आहे कुठेतरी पण हाताला लागणार नाही.

हा जो क्षण आहे ना, 'अरे, गेलं की सगळं', तो महत्त्वाचा. कारण आता तुला कोणी न सांगता कळतं की वाट मोडायच्या आधी २० चा पत्ता कुठेतरी टिपून ठेवायला हवा होता. तो झाला एक पॉइंटर, म्हणजे पत्ता धरून ठेवणारी जागा, नाव नेक्स्ट. बाण वळवायचा कुठे, तर मागच्याकडे, म्हणजे मागे कोण होतं ते लक्षात पाहिजे, तो दुसरा, प्रीव्ह. आणि आत्ता आपण उभे कुठे आहोत तो तिसरा, करंट. मग लूपमध्ये, म्हणजे परत परत फिरणाऱ्या भागात, चारच कामं उरतात: पुढचा टिपून ठेव, बाण मागे वळव, प्रीव्हला आपल्या जागी आण, आपण टिपलेल्या ठिकाणी जा. लूप संपतो तेव्हा करंट नलवर पोचलेला असतो, मग नव्या लिस्टचं डोकं कोण? हे मी सांगणार नाही, चौकोनांवर बोट ठेवून बघ.

हे सगळं चार ओळींचं आहे. एआयने तुला त्या चार ओळी दिल्या आणि त्या बरोबरही होत्या, पण २० हरवण्याचा जो अनुभव होता तो त्याने काढून घेतला, आणि व्हायवामध्ये सर विचारत होते तो नेमका तोच. ओळी पाठ करून फळ्यावर टिकत नाहीत, कारण कुठली ओळ आधी आणि कुठली नंतर हे पाठांतरात राहत नाही, ते 'हे आधी नाही केलं तर लिस्ट हरवेल' या भीतीतून लक्षात राहतं.

माझं सांगते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॅबला एक असाइनमेंट होती, दोन थ्रेड (एकाच प्रोग्रामात एकाच वेळी चालणारी दोन कामं), एकच काउंटर, प्रत्येकाने तो लाख वेळा एकाने वाढवायचा. उत्तर दोन लाख यायला पाहिजे. माझं कधी सव्वा लाख, कधी दीडच्या पुढे, एकदा चक्क बरोबर, आणि परत चालवलं की पुन्हा चूक. चार दिवस मी कंपायलरला (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) शिव्या घालत होते. मग काय होतंय बघायला म्हणून लूपमध्ये एक प्रिंट टाकला आणि उत्तर एकदम बरोबर यायला लागलं. दहादा चालवून बघितलं, बरोबर. मी तो प्रिंट तसाच ठेवला आणि सबमिट करून टाकलं! डेमोच्या दिवशी सगळ्यांसमोर चुकलं. सगळे हसले, मीही हसले, घरी येऊन रडले. नंतर दोन दिवसांनी कळलं की 'काउंटर प्लस प्लस' ही दिसायला एक ओळ आहे पण आत तीन कामं आहेत, मेमरीतून आकडा वाचायचा, त्यात एक मिळवायचा, परत लिहायचा, आणि दोन थ्रेडनी एकाच वेळी ५०० वाचलं तर दोघंही ५०१ लिहिणार, एक वाढ हवेत गेली. प्रिंटमुळे दोघं जरा पुढेमागे व्हायला लागले, टक्कर कमी झाली, संपली नव्हती. आज इतक्या वर्षांनी मला त्या सेमिस्टरमधलं बाकी काही आठवत नाही पण हे आठवतं, आणि नोकरीत निदान तीनदा याच चुकीने मला गाठलं, तेव्हा चार दिवस नाही लागले.

सांगायचा मुद्दा, ते चार दिवस वाया गेले असं मला तेव्हा वाटत होतं. तुझे ते चार दिवस झालेच नाहीत, म्हणून तुला वाटतंय तू मागे आहेस. आहेसच. पण चार दिवसांनी, बुद्धीने नाही.

आता रूममेट. ती बारा वर्षांची असल्यापासून करतेय, म्हणजे तिच्याकडे सातआठ वर्षं आहेत आणि तुझ्याकडे दीड, त्यातलंही निम्मं एआयने केलं. ही तुलना करून तुला काय मिळतंय? शिवाय ॲप करता येणं आणि ही डिग्री येणं यात जेवढं साम्य लोक धरतात तेवढं नसतं, मी चांगली ॲप करणारी मुलं कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनमध्ये गटांगळ्या खाताना बघितली आहेत आणि उलटंही बघितलंय. तिला एकदा विचार, पहिली दोन वर्षं तिने काय केलं. बहुतेक 'काहीच चालायचं नाही' असंच काहीतरी सांगेल, फक्त तेव्हा तिला कोणी मार्क देत नव्हतं आणि फळ्यासमोर उभं करत नव्हतं, म्हणून तिचं चुकणं कोणाला दिसलं नाही.

पत्रात एक वाक्य आहे, 'मला कोडिंग शिकायचं होतं आणि हे आम्हाला गेट्स आणि फ्लिपफ्लॉप शिकवतायत'. (गेट म्हणजे 'आणि', 'किंवा', 'नाही' करणारं छोटं सर्किट, फ्लिपफ्लॉप म्हणजे एक बिट लक्षात ठेवणारं.) इथे गोंधळ आहे आणि तो तुझा एकटीचा नाही, प्रवेश घेताना निम्म्या वर्गाचा हाच असतो. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग म्हणजे कोडिंगचा चार वर्षांचा क्लास नव्हे. कोड ही वरची साय आहे. ही डिग्री तुला खाली काय आहे ते दाखवायला बघते, कोडखाली कंपायलर, त्याच्याखाली प्रोसेसरच्या सूचना, त्याखाली गेट्स, त्याखाली ट्रान्झिस्टर. (काही ठिकाणी कॉम्प्युटर सायन्स वेगळं असतं, त्यात हार्डवेअर कमी आणि थिअरी जास्त, काही ठिकाणी दोन्ही नावं एकाच कोर्सला लावतात, त्यामुळे नावावर जाऊ नकोस, विषयांची यादी बघ.) १९३७ साली क्लॉड शॅनन नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने एमआयटीत मास्टर्सच्या थिसिसमध्ये दाखवलं की रिले आणि स्विचची सर्किटं जॉर्ज बूलच्या लॉजिकच्या बीजगणितात मांडता येतात, म्हणजे 'आणि', 'किंवा', 'नाही' हे तारांनी करता येतं. तुला बोअर होतंय ते प्रकरण तिथून सुरू झालं आणि तू लिहितेस ती प्रत्येक इफ कंडिशन शेवटी तिथेच जाऊन उतरते.

हे पटायला भाषण नको, एक प्रयोग सांगते, रात्री करून बघ. सी भाषेत ५००० बाय ५००० चा इंटचा ॲरे (पूर्णांकांचा तक्ता) घे. ग्लोबल घे हां, फंक्शनच्या आत लोकल घेतलास तर प्रोग्राम सुरू होताच आपटेल, कारण हा होतो दहा कोटी बाइटचा आणि लिनक्सवर स्टॅक, म्हणजे लोकल गोष्टी ठेवायची मेमरी, साधारण आठ एमबीचा असतो (आपटवूनही बघ एकदा, सेगमेंटेशन फॉल्टशी, म्हणजे मेमरीत नको तिथे गेल्याच्या एररशी, ओळख झालेली बरी). आता सगळ्या आकड्यांची बेरीज कर, आधी ओळीने, मग लूपची अदलाबदल करून कॉलमने. बेरजा तितक्याच, उत्तर तेच, पण वेळ मोजलास तर दुसरा प्रकार बराच रेंगाळतो, कित्येकदा काही पट. ऑप्टिमायझेशन न लावता कंपाइल कर, नाहीतर कंपायलर शहाणपणा करू शकतो. का होतं? सीमध्ये ॲरे ओळीने मेमरीत ठेवलेला असतो आणि प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा आणत नाही, एकदम एक तुकडा उचलतो, सहसा ६४ बाइटचा, म्हणजे सोळा इंट. ओळीने गेलीस तर पुढचे पंधरा फुकट, आधीच कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, आलेले. कॉलमने गेलीस तर प्रत्येक पावलाला २०,००० बाइटची उडी, सोळातला एक वापरायचा आणि पंधरा टाकून द्यायचे. कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनच्या पुस्तकात 'कॅश लोकॅलिटी' म्हणून जी दोन पानं आहेत आणि तू गाळलीयस (गाळलीयस ना?) ती हीच. हे बघून तुला 'हं, इंटरेस्टिंग आहे' असं जरासं जरी वाटलं, तर मी म्हणेन थांब, घाई करू नकोस. अजिबात काही वाटलं नाही तर तीही एक माहितीच आहे, पुढे येते त्याच्यावर.

सिलॅबस जुनाट आहे ही तक्रार मीही केली होती. थोडी खरी आहे, भाषेची आवृत्ती जुनी असते, लॅबमधलं सॉफ्टवेअर त्याहून जुनं, गिट (कोडमधले बदल सांभाळून ठेवणारं साधन) कोणी शिकवत नाही, ते २००५ पासून आहे आणि ते स्वतःच शिकावं लागतं, दोन संध्याकाळींचं काम आहे, या महिन्यात करून टाक. पण जुनं आणि शिळं यात फरक आहे. डेटाबेसमध्ये टेबलं, कीज, नॉर्मलायझेशन शिकवतात त्याचा पाया एडगर कॉडने १९७० मध्ये घातला. इंटरनेटचा पूर्वज अर्पानेट टीसीपी आयपीवर, म्हणजे आजही इंटरनेट ज्या नियमांवर चालतं त्यांवर, गेलं १ जानेवारी १९८३ ला. डाइक्स्ट्राची शॉर्टेस्ट पाथ, म्हणजे सगळ्यात जवळचा रस्ता काढायची रीत, छापून आली १९५९ मध्ये. तू आज फोनवर रस्ता शोधतेस तेव्हा या तिन्ही म्हाताऱ्यांचं काहीतरी आत चालू असतं. तुझ्या रूममेटने ॲपसाठी जो फ्रेमवर्क (कोडचा तयार सांगाडा) वापरलाय तो पाच वर्षांनी असेल की नाही यावर मी पैज लावणार नाही, पण ग्राफ (ठिकाणं आणि त्यांना जोडणारे रस्ते) आणि टेबलं असतील यावर लावेन.

गणिताचंही तेच. फ्लोटिंग पॉइंटचं, म्हणजे कॉम्प्युटर दशांश आकडे ठेवतो त्या पद्धतीचं, एक घे, पायथनमध्ये ०.१ अधिक ०.२ टाइप कर, उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. बग नाहीये, बायनरीत ०.१ पूर्ण लिहिताच येत नाही, जसं आपल्याला एक तृतीयांश दशांशात लिहिता येत नाही, ०.३३३ लांबतच जातं. ज्याला हे माहीत नाही तो पैशांचे हिशेब फ्लोटमध्ये ठेवतो आणि महिनाअखेरीला हिशेब का जुळत नाही म्हणून डोकं धरून बसतो.

बरं, एआय. 'तोच सगळं लिहितोय तर मी कशाला शिकू' हे तू एकटी म्हणत नाहीस, २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यापासून या वयाची सगळीच मुलं हे विचारतायत आणि प्रश्न मूर्खपणाचा नाहीये. लिहिण्याचं काम त्याने खरंच स्वस्त केलंय. पण लिहिलेलं बरोबर आहे का हे कोण बघणार? एक जुना किस्सा बघ. बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी निम्मा भाग वगळत शोधायचं) मधला काढायला आपण सगळेच लिहितो, लो अधिक हाय भागिले दोन, लो आणि हाय म्हणजे उरलेल्या भागाची दोन टोकं. जावाच्या स्टँडर्ड लायब्ररीतही तसंच होतं, जगभर लोक वापरत होते, वर्षानुवर्षं. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक, ज्याने ते लिहिलं होतं त्यानेच, जाहीर केलं की यात बग आहे. ॲरे फार मोठा असला की लो आणि हायची बेरीज २१४७४८३६४७ च्या वर जाते, इंटमध्ये मावत नाही, उलटून निगेटिव्ह होते आणि प्रोग्राम कोसळतो. दुरुस्ती एवढीशी, लो अधिक, हाय वजा लोच्या निम्मं. ज्याला इंट ३२ बिटचा असतो म्हणजे काय हे डिजिटल लॉजिकच्या तासाला कळलंय त्याला ही चूक दाखवली की दोन सेकंदांत दिसते, ज्याला नाही कळलं त्याला दाखवूनही 'पण गणित तर बरोबर आहे' असंच वाटत राहतं. आता मला सांग, एआयने दिलेल्या दोनशे ओळींत असं काही असेल तर आज तू ते पकडशील का? नाही ना? मग तू त्याच्याकडून काम करून घेत नाहीयेस, तो देईल ते पोस्टात टाकायचं काम करतेयस, आणि त्या कामाला खरंच माणूस लागणार नाही.

म्हणून एआय सोड असं मी म्हणत नाही, मीही दिवसभर वापरते. क्रम बदल. आधी पाऊण तास एकटीने, कागद आणि कोरी फाइल, चुकलेलं का असेना पण काहीतरी लिहायचंच. मग त्याला 'लिहून दे' म्हणायचं नाही, 'हा माझा कोड, यात चूक कुठे आहे तेवढी दाखव, दुरुस्त करू नकोस' म्हणायचं. समजलं की खिडकी बंद करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच परत कोऱ्या फाइलमध्ये, न बघता. ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि सगळा फायदा तिथेच असतो. आणि एक कडू बोलते. आत्तापर्यंत जे एआयचं लिहिलेलं स्वतःचं म्हणून दिलंस ते कॉलेजच्या नियमात बसत नसणार, तुला ते टोचतंयही, पत्रात दोनदा आलंय. मागचं उकरत बसू नकोस, पण या सेमिस्टरपासून बंद, आणि जिथे मदत घेतलीस तिथे वर एका ओळीत लिहून टाक की घेतलीय. मार्क थोडे कमी पडतील. पडू देत.

सोडण्याबद्दल. सहा महिन्यांचा कोर्स वाईट नसतो, एखादं तंत्र पटकन हाताला लागतं, दाखवायला दोन प्रोजेक्ट होतात, ज्यांचा पाया आधीच आहे किंवा जे वेगळ्या क्षेत्रातून येतायत त्यांना उपयोग होतो. पण तू आत्ताची सवय घेऊन तिथे गेलीस तर तिथेही एआयच असाइनमेंट लिहील, फक्त फळ्यासमोर सरांच्या ऐवजी इंटरव्ह्यू घेणारा माणूस असेल आणि तो सरांइतका सांभाळून घेणार नाही. शाखा बदलणं हा खरा पर्याय आहे, त्यात अपयश वगैरे काही नसतं, मात्र तुझं पत्र परत वाच. कशापासून पळायचंय ते सगळं आहे त्यात, कुठे जायचंय ते एका ओळीतही नाही. दुसरं काही खरंच खुणावत असतं तर तू दोन पानांत एकदा तरी त्याचं नाव घेतलं असतंस.

आणि राहायचं म्हणजे आयुष्यभर कोडच लिहायचा असंही नाही. या डिग्रीतून लोक नेटवर्ककडे जातात, डेटाबेस सांभाळतात, टेस्टिंग करतात, सिक्युरिटीत जातात, छोट्या चिपवर चालणारं एम्बेडेड काम करतात (ते करणाऱ्यांना फ्लिपफ्लॉप रोज भेटतात, तुझ्या माहितीसाठी). तुला यातलं काय आवडेल हे दुसऱ्या वर्षी कळायचं कारणच नाही.

म्हणून निर्णय आत्ता घेऊ नकोस, सहा आठवडे पुढे ढकल, पण ते सहा आठवडे मी म्हणते तसे घालव. सगळ्या विषयांत सुधारणा वगैरे संकल्प सोडून दे, फक्त डेटा स्ट्रक्चर्स धर, कारण तिथे अडकलीयस आणि पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहतं. लिंक्ड लिस्ट, स्टॅक, क्यू, बायनरी ट्री, या चार गोष्टी हाताने, सीमध्ये, कोणाच्या मदतीशिवाय. रोज दीड तास, त्यापेक्षा जास्त नको, रविवारी सुट्टी घे. अडकलीस की डीबगर उघड आणि एकेक ओळ चालवत पॉइंटरमध्ये काय आहे ते बघ, डीबगर शिकायला एक दुपार लागते आणि तरी शेवटच्या वर्षापर्यंत कित्येक जण त्याला हात लावत नाहीत, का देव जाणे. एरर मेसेज पूर्ण वाच, पहिला आधी वाच, खालचे चाळीस बहुतेक त्याचीच पिल्लं असतात. आणि एक वही कर, प्रोग्रामची नाही, चुकांची, काय झालं, मला काय वाटलं होतं, खरं काय निघालं. माझ्या अशा वहीत पहिल्या वीस चुकांतल्या सात एकच होत्या, लूप एकदा जास्त फिरला.

वर्गात तुझ्यासारखी अजून कोणी शोध, न कळणारी. असतात, सगळे गप्प बसलेले असतात एवढंच. आठवड्यातून दोनदा एकमेकींना समजावून सांगायचं, ती विचारेल ते तुला आलं नाही की कळतं आपलं पाणी कुठे मुरतंय. रूममेटलाही विचार, पण 'मला करून दे' नको, 'मी बोलते, तू ऐक, चुकले की थांबव' एवढंच.

सहा आठवड्यांनी स्वतःला एकच विचार: त्या दीड तासात कधीतरी, एकदा तरी, घड्याळाकडे बघायचं राहून गेलं का? गेलं असेल तर रहा, मार्क कितीही असोत. आणि प्रामाणिकपणे बसूनही प्रत्येक वेळी फक्त कंटाळाच आला असेल, प्रोग्राम चालल्यावरही 'सुटले एकदाची' याच्यापलीकडे काही वाटलं नसेल, तर शाखा बदलायचा विचार कर, तेव्हा तो घाबरून नसेल, करून बघून असेल, आणि तोवर कॉलेजात चौकशी करून ठेव की बदलायची मुदत कधी, आत्तापर्यंतचे कुठले क्रेडिट धरतात. मुदत सहा आठवड्यांच्या आत संपत असेल तर आठवडे कमी कर, पण करून बघायचं सोडू नकोस.

घरी सांग. निकाल लागायच्या आधी सांग, नंतर सांगितलं की ते कारण देणं होतं. 'सोडू का' असं विचारू नकोस, त्याने त्यांची झोप उडेल आणि तुला उत्तर काही मिळणार नाही. 'अवघड जातंय, चुकीच्या पद्धतीने करत होते, बदलतेय, यावेळी मार्क कमी दिसतील' एवढं पुरे. आईला सांगणं सोपं वाटत असेल तर तिला आधी सांग. आणि रात्र रात्र झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर हे सहा आठवड्यांचं वगैरे बाजूला ठेव आणि कॉलेजच्या समुपदेशकाला किंवा डॉक्टरला आधी भेट, लिंक्ड लिस्ट कुठे पळून जात नाही.

राहिले ते सर. तुला वाटतंय त्यांच्या नजरेतून उतरलीस. आठवडाभराने, चौकोन आणि बाण पंधरावीसदा काढून झाले की, त्यांच्याकडे जा आणि म्हण, सर, त्या दिवशी राहिलं ते आता करून दाखवते, दहा मिनिटं द्या. बहुतेक देतील, असं विचारायला फारसं कोणी येत नाही त्यांच्याकडे. नाही जमलं त्यांना तर रूममेटला दाखव. आणि जायच्या आधी रिकामी लिस्ट दिली तर तुझं फंक्शन काय करतं ते बघून ठेव, कारण पहिला प्रश्न तोच येणार.